कुंपणावरून काढलेली चादर

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले रस्ते खात्याचे लहानमोठे अधिकारी, आज ज्यांना निरोप द्यायचा ते आपले साहेब, त्यांच्या बाईसाहेब, आणि समोर पंख्याखाली जागा मिळालेल्या व न मिळालेल्या दोन्ही बाजूंच्या माणसांनो, सगळ्यांना नमस्कार.

सूत्रसंचालन करणारी ही मुलगी मघाशी माझ्या कानात म्हणाली, "आजी, कृतज्ञतेचे चार शब्द बोला, जास्त नको." मी म्हटलं, बाई गं, मी शाळेत दुसरीपर्यंत गेले. मला चारच शब्द येतात, पण ते मी फिरवून फिरवून वापरते.

तर साहेबांचं कौतुक. आपला रस्ता द्रुतगती मार्ग झाला तेव्हा साहेब तरुण होते, डोक्यावर केस होते, आणि आमच्या गल्लीत मापाची टेप धरून उभे होते. गल्ली कसली, मी दारातून हाक मारली की समोर धाकट्या बहिणीकडे चहाचं आधण चढायचं. बापाने आम्हा दोघींना मुद्दाम समोरासमोरच्या घरांत दिलं होतं. ती गल्ली साहेबांच्या नकाशात बरोबर मधोमध आली.

मी विचारलं, "साहेब, आम्ही पलीकडे जायचं कसं?" तर म्हणाले, "बाई, खालून बोगदा आहे ना!" होता ना. बस बदलून जायला लागायचं तिथे. समोरच्या घरी जायला डबा बांधून निघायचं, हे सुख या सभागृहात आणखी कुणाला लाभलंय का?

धाकटीच्या नवऱ्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी, बैलगाडीला बंदी, पायी चालणाऱ्यालाही बंदी. मेहुणे पाना हातात घेऊन दारात बसायचे आणि जाळीतून मोटारी बघायचे. म्हणायचे, "एकाचंही चाक पंक्चर होत नाही मेल्यांचं!"

हाका मारून उपयोग नव्हता, त्या आवाजात स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू यायचं नाही. मग आम्ही बहिणींनी खूण ठरवली. कुंपणाच्या जाळीवर लाल चादर टाकली की समजायचं, घरात अडचण आहे. टेलिफोन माझ्या बाजूच्या किराणा दुकानात होता. तिने चादर टाकायची, मी पळत जाऊन डॉक्टरला फोन करायचा.

पुढचं कार्यक्रमपत्रिकेत नाही, म्हणून मी सांगते. एका दुपारी मेहुण्यांच्या छातीत कळ आली. धाकटीने जाळीवर चादर टाकली आणि आत जाऊन नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. डॉक्टर आला नाही, कारण मी फोन केला नाही. मी फोन केला नाही, कारण मला जाळी मोकळी दिसत होती. मेहुणे गेले. बातमी कळल्यावर मी वळसा घालून पोचले तर धाकटी दारातच म्हणाली, "अक्का, चादर बघून खिडकी लावून घेतलीस ना?" खिडकी बंद होती हे खरं. ट्रकची धूळ यायची, ती कायमच बंद असायची. पण काचेतून माझी नजर जाळीवरच असायची, हे तिला कोण पटवणार? तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. मला नातवंडं झाली, तिला झाली, तरी नाही.

मग डोंगरापलीकडून याहून रुंद रस्ता निघाला आणि मोटारी तिकडे पळाल्या. आमच्या रस्त्याचा दर्जा काढला. पाटी उतरवली, वेग कमी केला, सिग्नल बसवले, सायकली सोडल्या. साधा हमरस्ता झाला बिचारा. साहेबांना मात्र रस्ता चढवला तेव्हाही बढती आणि उतरवला तेव्हाही बढती. वाजवा की टाळ्या! आत्ताच का थांबलात?

जाळी कापायला आलेला कुंपणवाला माझ्याकडे पाणी प्यायला थांबला. म्हणाला, "आजी, इथून मी एकदा लाल चादर काढली होती. लाल बघून गाड्या ब्रेक मारतात, म्हणून साहेबांचा हुकूमच होता, जाळीवर लाल कापड दिसलं की ओढा. मग संध्याकाळी ऐकलं, सायकलवाला गेला."

"मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

"नोकरी होती, आजी."

मी तशीच सिग्नलवरून पलीकडे गेले, धाकटीला सगळं सांगितलं. ती दाराच्या फटीतून म्हणाली, "पढवलंस होय त्याला? हुकूम साहेबांचा ना? मग साहेबांनी सांगू दे."

म्हणून मी साहेबांच्या कचेरीत खेटे घातले. शिपाई म्हणे, साहेब निरोपाच्या गडबडीत आहेत. तेवढ्यात या मुलीचा फोन आला, की दोन्ही बाजू जोडल्या गेल्या त्याबद्दल बोलायला एखादी आजी हवी आहे. मी म्हटलं, आलेच!

साहेब, उद्या तुम्ही इथून कायमचे निघालात असं ऐकते. तुम्ही मेहुण्यांना मारलं असं मी म्हणत नाही. मोटारवाल्यांच्या दृष्टीने तुमचा हुकूम बरोबरही असेल. माफी तर मुळीच नको, ती घरी नेऊन मी ठेवू कुठे? तिसऱ्या रांगेत चष्मा पुसत बसलीय ना, ती माझी धाकटी. साहेब बोलणार आहेत म्हणून तिच्या सुनेने आणलंय तिला. तिला एवढंच सांगा, की चादर तुमच्या माणसांनी काढली होती. आणि नुसती मान हलवू नका, साहेब. तिला तिथून नीट दिसत नाही. तोंडाने सांगा.

अध्यक्ष महोदय, तुम्ही घड्याळ बघताय ते मला कळतंय. मला वेळ दिलात, सगळ्यांनी ऐकून घेतलंत, उपकार झाले. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, माझी जीभ कुणाला लागली असेल, तर म्हातारी आहे म्हणून पोटात घाला.

मी काही इतक्यात खाली बसत नाही. माइक धरून इथेच उभी राहते. या, साहेब.