हरणीला सवय आहे म्हणून

—नाही, मालक घरात नाहीत. म्हणजे तसं नव्हे हो, तुम्हाला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे — दूध संघातर्फे तेराव्याला तुम्हीच आला होतात की, प्रज्ञेशसाहेब — पण तोंडात बसलंय माझ्या. बसा त्या बादलीवर, पालथी घाला आधी. आणि शर्टाकडे काय बघताय? त्यांचाच आहे. गाईसाठी घालते. हरणीला दुसरा हात चालायचाच नाही. हे गेले आणि तिनं लाथा झाडायला सुरुवात केली, पान्हा चोरायला लागली, कास नुसती दगडासारखी. निशा म्हणाली, आई, विकून टाक, कर्वेनगरात आता गोठा कोण ठेवतं? शेवटी आमचे चांदभाई — मार्केट यार्डावरून पेंड आणून देतात ते — म्हणाले, वहिनी, मालकाचा शर्ट घालून बसा, जनावर वासावर ओळखतं. बसले. तिनं मान वळवली, बाही हुंगली, आणि सोडला की पान्हा! तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ हा शर्ट. समोरच्या सोसायटीतले गॅलरीतून बघतात. बघू देत, तेवढीच त्यांची करमणूक.

बिल्ला तपासा ना, कानातच आहे तिच्या, पिवळा. तो तपासायला नाही आलात? मग? — हां, खातं. खातं त्यांचं, दूध मी घालते, अनुदान मेलेल्या माणसाला जातं, बरोबर आहे तुमचं. मृत्यूचा दाखला जोडायचा, इथे सही करायची, की माझ्या नावावर. कळतं मला. नाही केलं तर? बंद होईल, आधीचं परत घेतील? घेऊ देत. मी त्यातलं काढलंय कुठे! पेंडीसाठी बांगड्या गहाण टाकल्या, पण त्याला हात लावला नाही — निशाला बोलू नका हे.

का म्हणजे? अहो, मेसेज येतो. तुमच्याच संघाचा. तो बघा त्यांचा मोबाइल, खिळ्याला टांगलाय, रोज चार्ज करते मी. ‘श्री. सर्जेराव, आपले दूध अनुदान जमा झाले.’ आपले! रेशनकार्डावरून नाव निशानंच कमी केलं, वर्गणीची पावती मंडळवाले माझ्या नावानं फाडतात, दारावरची पाटीसुद्धा उतरवली. सगळ्यांनी हिशोब मिटवला त्यांचा. एक अनुदान तेवढं अजून त्यांना नावानं हाक मारतं. मी कधी मारली नाही — नवऱ्याचं नाव घेतात का आमच्यात? आता मेसेज आला की मोठ्यानं वाचते. कुणासाठी म्हणजे? हरणीसाठी. दुसरं आहे कोण इथे? वाचून झालं की जरा थांबते. उगाचच. ओ येईल म्हणून नव्हे. पण थांबते.

तुम्ही म्हणाल, बाई खुळी आहे. नाही हो, मी करते ते गाईसाठी करते. तिला कळत नाही ना माणूस गेलेला, तिला फसवावं लागतं. मुकं जनावर — तिला कसं समजवायचं?

समजलंय तिला. परवा निशा आली आणि शर्ट मशीनमध्ये टाकला. घाण वास येतो म्हणे. मला दोरीवर सापडला, पावडरीचा वास मारत होता नुसता. मी हुंगला, उलटा करून हुंगला, काखेत हुंगला — काही राहिलं नव्हतं. आता संध्याकाळी ही लाथ मारणार म्हणून बादली जरा लांबच धरली. बसले. आणि तिनं सोडलं दूध. लगेच. मान वळवली नाही, हुंगलं नाही, आपली पेंड खातेय आणि बादली भरतेय. कधीपासून तिला शर्ट लागत नव्हता कोण जाणे. मीच आपली घालून बसत होते.

मारलं मी तिला, साहेब. दूध दिलं म्हणून मारलं. दाव्यानं, हात दुखेपर्यंत. ती नुसती बघत होती माझ्याकडे.

—पेन नको. ठेवा खिशात. धारेची वेळ झालीये, उठा. लाजणार नाही ती तुम्हाला, कुणाहीपुढे पान्हा सोडते आता — पण तुम्ही जा.