दंडाचं डुक्कर

नदीवरचा तराफा अजून पलीकडच्या काठावर होता. मार्कुसने पिकअप रांगेत उभी केली. मागच्या हौद्यात त्याच्या ठेकेदाराने पलीकडच्या गावाला पाठवलेलं डुक्कर होतं. पुढे दोन बायका टोपल्यांशी बसून बोलत होत्या.

"आपला माशांसाठी राखलेला ओढा बुजवला त्याने, लोसिमिनमावशी, आणि तो ठेकेदार एका डुकरावर सुटला?"

"सुटला कुठे? पंचांपुढे दंडाचं डुक्कर दिलं, गावाने मिळून खाल्लं. त्यालाही वाढलं. दोनदा मागून घेतलं मेल्याने."

"मग मिटलंच की."

"त्यालाही तसंच वाटतंय. अगं कोंडिना, आपल्यात दंड कोण भरतो?"

"गुन्हा करणारा."

"आणि भरला की?"

"म्हणजे गुन्हा कबूल केला. अगं बाई."

"साऱ्या गावासमोर. नदीखात्याचे साहेबही पंगतीला होते. त्यांच्याकडे कायदा होता, साक्षीदार नव्हता. आता गावभर आहेत."

"परत भराव टाकायला आला तर?"

"येऊ दे की. आधी दुसरं डुक्कर पाठवेल. बिचारा दंडाला भराव टाकायचं भाडं समजतो. तेही खाऊ, आणि तेही साहेबांना सांगू."

हौद्यातलं डुक्कर केकाटलं. दोघींनी वळून पाहिलं.

"चांगलं पोसलंय हो, दादा. पलीकडे कुणाकडे निघालात?"

तराफा काठाला लागत होता. मार्कुसने गाडी सुरू केली आणि मागे घेतली.

"कुणाकडे नाही, मावशी. मालकाचं मालकाला परत द्यायचंय."