कूस बदलली तर

मी उशी घ्यायला दुकानात थांबलो होतो. समोर एक आजोबा चपला हातात धरून नव्या गादीवर आडवे झाले होते. शेजारी आजी आणि दुकानदार उभे.

"पाठ कधीपासून दुखतेय, आजोबा?"

"मला विचारा. यांना रात्री दुखते आणि सकाळी विसरतात."

"विसरत नाही, सांगत नाही."

"सांगायला कशाला हवं? तुम्ही कूस बदललीत की अख्खा पलंग हलतो. मग उठून शेकायची पिशवी मीच आणते."

"मी कधी मागितली?"

"आजी, मग हीच घ्या. पलीकडे हत्ती लोळला तरी अलीकडच्याला पत्ता लागत नाही. तुम्हीही आडव्या होऊन बघा."

"बघते. अहो, बदला बरं कूस."

"बदलली."

"कधी?"

"दोनदा बदलली."

"परत बदला."

"बदलली. आता मात्र पाठ खरंच दुखायला लागली."

"आणि मला काहीच कळलं नाही?"

"नाही ना? म्हणजे आता तुला शांत झोप."

"उठा."

"का गं? चांगली आहे की."

"उठा म्हणते ना. भाऊ, जरा हलणारी दाखवा."