या की जेवायला

स्टँडवर आजऱ्याच्या गाडीची वाट बघत दोघी बहिणी बसल्या होत्या. बाकावर शेजारी बसलेल्या अनोळखी मीनाबाईंना सगळं ऐकू येत होतं.

“अक्का, मला ऑटिझम असंल काय?”

“चाळिशीत? ते ल्हान पोरांस्नी असतंय की, दानू.”

“मोठ्या बायकांस्नीबी असतंय, उशिरा कळतंय. शेजारीण ‘या की जेवायला’ म्हणाली, मी दुसऱ्याच दिवशी गेलते. तिला परत कुकर लावाय लागला.”

“अगं, तसं नुसतं म्हणायचं असतंय!”

“हे तुला कुणी शिकवलं?”

“शिकवाय कशाला लागतंय?”

“मला लागतंय. डॉक्टरास्नी दाखवू काय?”

“लोकं काय म्हणतील?”

“तेच मला कधी कळत न्हाय, अक्का.”

गाडी लागली. दोघी उठल्या, तशा मीनाबाई सवयीनं म्हणाल्या, “मंगळवार पेठेत तालमीमागं ऱ्हातो, पावणं. या की जेवायला.”

दानू थांबली. “कधी?”

मीनाबाईंनी बोटांवर वार मोजले.

“रविवारी. साडेबाराला.”