स्वभाव : अ‍ॅडजस्टिंग

नाही नाही सांडूभाऊ, हा शब्द असा सुटा नाही टाकायचा — थांबा, चष्मा कुठं ठेवला मी, हां, डोक्यावरच आहे — काय लिहून आणलंय तुम्ही? ‘मुलगी प्रेरणा, बी.एस्सी., उंच, गव्हाळ, अ‍ॅडजस्ट.’ नुसतंच अ‍ॅडजस्ट? नट-बोल्ट आहे का ती तुमच्या चितेगावच्या कारखान्यातला? ‘अ‍ॅडजस्टिंग नेचर’ म्हणतात त्याला. आणि तेही पहिल्या ओळीत नाही, शिक्षण झालं, नोकरी झाली, की मग हळूच, जाता जाता म्हणल्यासारखं. बसा ना नीट, टेकून बसा. ही एक माझी आणि ही एक तुमची, दोनच खुर्च्या मावतात इथं. औरंगपुऱ्यात एवढी तरी जागा मिळाली विवाह मंडळाला, लई झालं. — खाली गाडी थांबली का ओ? बघा जरा खिडकीतून. पांढरी असेल. नाही? बरं, राहू द्या.

तर काय सांगत होते — हां, शब्द. हा शब्द लागतोच, त्याशिवाय स्थळ पुढं सरकत नाही. पण सगळीकडं तोच तो टाकला की मुलाकडचे कंटाळतात, एका बैठकीला ढीगभर बायोडाटा चाळतात ती माणसं. म्हणून मी बदलून बदलून लिहिते. घरात दोन जावा असल्या की ‘फॅमिली ओरिएंटेड’. मुलगा कंपनीत, आज वाळूज उद्या चाकण, असं असलं की ‘फ्लेक्सिबल’. सासू कडक असली — ते मला फोनवर पहिल्या वाक्यातच कळतं — की ‘अंडरस्टँडिंग’. मुलगा तापट असला तर ‘कूल अँड काम’. तुमच्या वैजापूरकडं जमीनजुमलावाले असले तर मात्र मराठीतच, ‘मनमिळाऊ’, इंग्रजी बघून बिचकतात तिकडचे. सगळ्याचा अर्थ एकच ओ — पोरीनं तोंड उघडायचं नाही. — असं काय बोलले मी! चहा घ्या तुम्ही, गार होतोय.

मुलाच्या बायोडाटात? काय की बाई, मुलाच्या बायोडाटात हा शब्द लिहिल्याचं मला तर आठवत नाही. मुलाला ‘वेल सेटल्ड’. एकदा सेटल झालेला माणूस कशाला हलतोय? हलायचं ते दुसऱ्यानं. हसू नका, मी गंमत नाही करायले.

आत ना? आत माझी लेक आहे. मनस्विनी. मनू म्हणतो आम्ही. आलीय चार दिवस राहायला. सण? नाही, सण कुठला आत्ता, अशीच आलीय. म्हणजे चार दिवस म्हणले मी, पण महिना होत आला म्हणा. आज न्यायला यायलेत तिला. नगरहून सकाळीच निघालेत, वाळूजच्या ट्रॅफिकमध्ये अडकले असतील, नाहीतर एव्हाना — नाही ना आली गाडी? मला आपलं उगीच वाटायलंय. 

तिचा बायोडाटा बघायचा होता तुम्ही! लोकांच्या पोरींना एक शब्द लावते मी, लेकीला सगळे लावले. अ‍ॅडजस्टिंग, फ्लेक्सिबल, अंडरस्टँडिंग, एकाखाली एक. पंधरवड्यात जमलं. आणि परवा विहीणबाईंचा फोन आला. कशा आहात नाही, काही नाही, सरळ माझाच बायोडाटा मला वाचून दाखवला त्यांनी! फोटो काढून जपून ठेवलाय मोबाईलमध्ये. म्हणे, दमयंतीताई, हे तुम्हीच लिहिलंय ना? मिक्सर बिघडला की दुकानदाराला वॉरंटीचं कार्ड दाखवतो ना आपण, तसं. माझंच अक्षर, माझेच शब्द.

झालं काय म्हणजे — काही झालं नाही ओ. मारहाण नाही, उपाशी ठेवणं नाही, हुंडा तर त्यांनी घेतलाच नाही. माणसं चांगली आहेत, मीच तर शोधली. फक्त धाकटा दीर आहे, वरद, तो स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. त्याला शांतता पाहिजे, आणि हॉलमध्ये टीव्ही. तर विहीणबाई म्हणाल्या, परीक्षेपुरती तुमची दोघांची खोली वरदला देऊ, शंतनू झोपेल त्याच्याजवळ, तू माझ्यापाशी हॉलमध्ये. थोडं अ‍ॅडजस्ट कर. केलं की पोरीनं. झाली परीक्षा. नापास झाला. मग पुढची परीक्षा. मग मनूचं कपाट गॅलरीत गेलं, कारण पुस्तकांना जागा पाहिजे. पावसात साड्यांना पाणी लागलं, माझ्या हातानं घेतलेली पैठणी — जाऊ द्या. मग सासऱ्यांकडं पाहुणे यायचे, की हॉल पाहुण्यांना, आणि ही स्वयंपाकघरात सतरंजी टाकून, फ्रिजच्या शेजारी. पहाटे दूधवाला आला की उठायलाच लागायचं, नाहीतर हिचे पाय दारात. लग्न झालेली पोर सांडूभाऊ, नवऱ्याशी चार शब्द बोलायचे तर कपडे वाळत घालायच्या निमित्तानं गच्चीवर. आणि आमचा जावई, शंतनू? चांगला मुलगा. काही बोलत नाही. वेल सेटल्ड.

मला फोन करायची ना ती. सांगायची सगळं. मी काय म्हणायची? जुळवून घे. पुढच्या खेपेला, समजून घे. मग सांभाळून घे. मग धकवून ने, मन मोठं कर, दिवस निघून जातील. म्हणलं ना, तोच तो शब्द परत वापरायला नाही आवडत मला! एकदा म्हणाली, आई, तुझ्याकडं एवढे शब्द आहेत, त्यात ‘घरी ये’ कुठंच नाही का? मी म्हणलं, कुकर लागलाय गं, नंतर बोलते. खरंच लागला होता ओ कुकर. खरंच.

मग ती न विचारताच आली. दुपारची वेळ, मी इथंच बसलेले, आणि ही जिना चढून वर. तुम्ही बसलाय ना, त्याच खुर्चीत येऊन बसली, आईच्या घरी आल्यासारखी नाही, एखादं गिऱ्हाईक येऊन बसतं तशी. बॅग मांडीवर. मी विचारलं, किती दिवस? तोंडातून हेच निघालं बघा पहिलं.

आणि परवा विहीणबाई म्हणाल्या, येतो आम्ही न्यायला, तर मी काय म्हणले ठाऊक आहे? या की, म्हणले. सांगते मी तिला. सवय ओ, दुसरं काय! तिला सांगितलं तर नुसतं ‘बरं’ म्हणाली. रडली नाही, भांडली नाही, काल बसून बॅग भरली. घड्या घालून, एकावर एक, अगदी नीट. मी दारात उभी राहून बघायले. वाटलं, हिनं एखादी वस्तू तरी फेकावी माझ्या अंगावर. नाही. माझा बायोडाटा खरा करून दाखवायलीय पोर. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही, अन्न गोड लागेना, आणि इथं बसून तुम्हाला शब्द शिकवायलेय मी.

तुमची प्रेरणा कशी ओ स्वभावानं? खरं सांगा. कागदावरचं नको. — काय? तुमचा डबा द्यायला कारखान्यावर येते आणि आत सोडलं नाही की वॉचमनशी भांडते? भावाला तूप जास्त वाढलं की ताट सरकवून बसते? व्हय? आणि बघा, सांगताना कसे हसायलात तुम्ही! आरशात बघा. एवढं कौतुक आणि तरी कागदावर अ‍ॅडजस्ट? कुणी सांगितलं लिहायला? — सगळेच लिहितात. हो, सगळेच लिहितात. मीच लिहून देते सगळ्यांना.

आणा तो कागद. हे खोडलं. त्याच्या जागी काय लिहू? ‘आपलं ते मागून घेते.’ हो, मराठीतच. स्थळं कमी येतील, येऊ द्या कमी. मला नावं ठेवा खुशाल, दुसऱ्या मंडळात जा हवं तर, पण तिथंही तो शब्द —

आली. आली ना? पांढरीच आहे ना? किती जण उतरले? विहीणबाई आणि जावई. नाही, तुम्ही उठू नका. बसा म्हणते ना, काम आहे तुमचं, बायोडाटा व्हायचाय अजून. मनू! मनू, बाहेर नको येऊ. बॅग उघड ती. उघड आणि कपडे कपाटात लाव तुझ्या, वरच्या दोन्ही फळ्या घे, माझं खाली टाक सगळं. हो, आत्ता. मी बोलते त्यांच्याशी. ऐकलंस ना, मनू? — दार लोटून घे.

या विहीणबाई, या जावईबापू. जिना जरा उभाच आहे आमचा. नाही, मनू नाही येणार बाहेर. बसा म्हणाले असते, पण येणाऱ्यांसाठी खुर्ची एकच आहे, आणि तिथं सांडूभाऊ बसलेत, ते आधी आलेत. उभ्यानंच बोलू. तुम्ही जरा अ‍ॅडजस्ट करा.