तगाफुल नावाचं फूल

...आता तुम्हीच सांगा, ज्याला शायरीतलं ओ की ठो कळत न्हाई, त्याला मुशायऱ्यात उभं करणारा दोस्त असतो का? माझा होता. रेणुकादास. तुम्हाला सांगतो, निजामाचं राज्य, शाळा उर्दूत, त्यामुळं मला उर्दू वाचता येत होती हो, अर्थाचं तेवढं राहिलं होतं.

नांदेडात आम्ही दोघं एका खोलीत राहायचो, म्हणजे राहायचो कुठले, दिवसभर हिंडायचो... गोदावरीच्या घाटावर बसायचं, चौकातल्या हॉटेलात एका चहावर दुपार काढायची, अन् रेणुकादास सिगारेटच्या पाकिटावर शेर लिहायचा. लिहायचा लई भारी, पण बोलताना अडखळायचा, पहिलं अक्षर निघेपर्यंत चहा गार. अन् माझा आवाज असा, की घाटावर खाकरलो तर पैलतीराचे लोक वळून बघायचे. मग हा म्हणाला, "अ-अवधूत, तू वाच. तुझं म्हणूनच वाच." वाचलं. वर्षभर वाचलं. वाहवा मला, अन् हा मागं बसून खुशीत मान डोलवायचा!

मग आलं लातूर. गंजबाजारातल्या व्यापाऱ्यांनी भर दुपारी मैफल ठेवलेली, आम्ही मोटारीच्या टपावर बसून गेलो. मी शेर वाचला, अन् पुढ्यात बसलेले म्हातारे हकीमसाहेब म्हणाले, "वाह मियाँ. मगर ये तगाफुल क्या होता, जरा समझाओ."

आता मला उर्दू वाचता येत होती, अर्थाचं तेवढं राहिलं होतं... मी विचार केला, शेवटी 'फुल' हाय, म्हणजे फूलच असणार. म्हटलं, "हुजूर, हे पहाडात उगवतं. वास लई गोड."

कुणी हसलं असतं तरी बरं झालं असतं. तेवढ्यात मागून रेणुकादास उठला. ओठ थरथरून राहिले, शब्द निघंना, अन् मी मनात देवाला विनवून राहिलो, आता मात्र कुणाला हसू देऊ नको. शेवटी निघाला शब्द. "म-माणूस समोर असून त्याच्याकडं न बघणं... ते तगाफुल."

हकीमसाहेब माझ्याकडं वळले. "शेर किसका है?"

काय सांगणार? वर्षभराची वाहवा एका शब्दावर चालली होती. म्हटलं, "याचा. आवाज तेवढा माझा."

म्हाताऱ्यानं त्याला हाताला धरून आपल्या गादीवर बसवलं. मला वाटलं, गेली दोस्ती, परतताना शिव्या खाव्या लागणार... तर हा टपावर पेरू खात म्हणतो, "अ-अवधूत, फूल वाईट नव्हतं."

तिथून आमंत्रणं सुरू झाली, मुदखेड म्हणू नका, देगलूर म्हणू नका, उदगीर म्हणू नका, सगळी त्याच्या नावानं, अन् वाचायचं मात्र मीच. सात वर्षं हिंडलो, खाल्लं-प्यालं, मजा केली, खोटं कशाला बोलू? मला उर्दू वाचता येत होती, अर्थाचं बघायला तो होता. फक्त ती मुशायऱ्याची पत्रिका... वर मोठ्या अक्षरात 'जनाब रेणुकादास', अन् खाली मुंगीएवढ्या अक्षरात 'मय आवाज'. मय म्हणजे सोबत. तो आवाज म्हणजे मी.