उणे अठरा साहेबांच्या मानपत्रातली एक ओळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कंपनीचे संचालक महोदय, व्यासपीठावर बसलेल्या विमान कंपनीच्या माल विभागाच्या प्रमुख मॅडम, आजचे सत्कारमूर्ती आमचे साहेब, पहिल्या रांगेतल्या वहिनी, आणि अंगातले जाड कोट न काढता कोल्ड रूममधून थेट सभागृहात आलेले माझे सगळे सहकारी, तुम्हा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

मला दहा मिनिटं दिली आहेत. दहा मिनिटं म्हणजे आमच्या कामात किती, ते साहेबांना विचारा. तेवढ्यात उन्हात ठेवलेल्या आइस्क्रीमचं दूध होतं. त्यामुळे मी वेळ पाळणार आहे, सूत्रसंचालकांनी कृपया चिठ्ठी पाठवू नये.

साहेब छत्तीस वर्षं माल पाठवणीच्या शेडमध्ये उभे राहिले. बसले असं म्हणत नाही, कारण त्यांच्या खुर्चीवर कायम हातमोजे वाळत घातलेले असायचे. बाहेरच्या माणसाला वाटतं, थंड म्हणजे थंड; माल विमानात चढवला की सुटलो. तसं नसतं हो! कोळंबी न्यायची उणे अठरा अंशांवर, दगडासारखी गोठवून. स्ट्रॉबेरी न्यायची दोन अंशांवर, नुसती गार. स्ट्रॉबेरी गोठवली तर सुटल्यावर, म्हणजे बर्फ वितळल्यावर, तिचा लगदा होतो आणि कोळंबी दोन अंशांवर दिवसभर राहिली तर ती फेकून द्यावी लागते. माल परदेशात उतरला की तिथली माणसं खोकी फोडून बघत बसत नाहीत. पॅलेटवरचं, म्हणजे फळीवर रचलेल्या खोक्यांच्या अख्ख्या थप्पीवरचं, लेबल बघतात आणि त्याप्रमाणे या नाहीतर त्या खोलीत ढकलतात. म्हणजे परक्या मुलखात आपला अख्खा माल त्या वीतभर कागदाच्या भरवशावर असतो.

म्हणूनच साहेबांची ती आरोळी. पॅलेटवर जाळी आवळून झाली की साहेब आत जाणार, लेबलावर तळहात टेकवणार आणि शेड दणाणून सोडणार, "काय माल? कुठे? किती अंश?" उत्तरही स्वतःच द्यायचे, लेबलावरची अक्षरं वाचून. लोडर मागे उभं राहून नकला करायचे. त्यांना 'उणे अठरा' हे नाव पडलं ते यातूनच. साहेब, तुम्हाला हे नाव माहीत नाही अशी आमची समजूत होती. परवा तुम्हीच निरोपाच्या पत्रिकेवर कंसात ते घालायला सांगितलंत तेव्हा आमचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.

वहिनी सांगत होत्या, सहलीला निघालं की साहेब गाडीत चढवण्याआधी प्रत्येक बॅगेवर हात ठेवून तिच्यावरचं नाव मोठ्यानं वाचतात. वहिनी लांब जाऊन उभ्या राहतात, हा माणूस आपला नव्हेच अशा थाटात. वहिनी, आम्हीही सुरुवातीला तसंच करायचो.

आता ज्यासाठी मी हे भाषण मागून घेतलं, ते सांगते.

भाषणानंतर मानपत्राचं वाचनही मलाच करायचं आहे. ते टाइपही मीच केलं. मजकूर कार्यालयानं सेवापुस्तकावरून तयार केला. अतिशय सुंदर मजकूर आहे. पण त्यात मधे एक ओळ आहे: 'एका प्रसंगाचा अपवाद वगळता आपल्या हातून एकही माल चुकीचा गेला नाही.' लिहिणाऱ्याचा दोष नाही. सेवापुस्तकात जे आहे तेच त्यानं लिहिलं.

तो प्रसंग एकोणीस वर्षांपूर्वीचा. मी नोकरीला लागून तीन महिने झाले होते, अजून कायम झाले नव्हते आणि घरात मिळवती मी एकटी. लेबलं छापून चिकटवणं माझ्याकडे होतं. त्या सकाळी दोन पॅलेट एकाच विमानानं जायचे होते, एक स्ट्रॉबेरीचा, एक कोळंबीचा. साहेबांचा घसा असा बसला होता की तोंडातून नुसती हवा निघत होती. त्यांनी खुणेनं मला सांगितलं, आज तू वाच.

मी वाचलं. कसं वाचलं, ते या सभागृहात आजवर कुणालाच माहीत नाही, साहेब सोडून. कोल्ड रूमच्या आत गारठा होता. आणि खरं सांगायचं तर लोडरांसमोर पॅलेटवर हात ठेवून ओरडायची मला लाज वाटली. म्हणून मी दारात उभी राहिले आणि हातातल्या यादीवरून वाचलं. "स्ट्रॉबेरी, दोन अंश. कोळंबी, उणे अठरा." सगळं अगदी बरोबर! साहेब दुसऱ्या टोकाला जाळी आवळत होते. त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि माल गेला.

लेबलं मात्र मी उलटी चिकटवली होती.

तिसऱ्या दिवशी तिकडून फोटो आले. एका फोटोत लाल लगदा होता. दुसऱ्याबद्दल जेवणाआधी न बोललेलं बरं. माझी तर पाचावर धारण बसली. चौकशी लागली. अध्यक्ष महोदय, तेव्हा आपण त्या चौकशी समितीवर होता, आपल्याला आठवत असेल. मी खोलीबाहेरच्या बाकावर सांगायची वाक्यं जुळवत बसले होते. माझा नंबर आलाच नाही. साहेब आधी आत गेले, बाहेर आले आणि जेमतेम फुटलेल्या आवाजात मला म्हणाले, "जा गं, कामाला लाग. संपलं सगळं."

आत ते काय म्हणाले हे मला नंतर कळलं. "वाचायचं काम माझं होतं, मी वाचलं नाही." एवढंच. त्या वर्षी नव्या शीतकेंद्राचं प्रमुखपद त्यांना मिळणार होतं. ते दुसऱ्याला गेलं. साहेब त्याच पत्र्याच्या शेडमध्ये राहिले आणि पुढच्या महिन्यात मी कायम झाले.

मी गप्प बसले नाही असं म्हणायला मला आवडलं असतं. मी गप्पच बसले. पुढे दोनदा त्यांना म्हटलं, साहेब, मी वर जाऊन सांगते. दोन्ही वेळा त्यांनी उडवून लावलं. "आता ते गोठलंय. बाहेर काढू नकोस. एकदा सुटलेला माल परत गोठवता येत नाही." मलाही ते सोयीचंच होतं. साहेब, हातानं खुणा करू नका, मला दिसतायत. आज मी थांबणार नाही. माल आता सुटला आहे.

ही ओळ टाइप करताना ती गाळणं सोपं होतं. एक बटण दाबायचं, कुणाला पत्ताही लागला नसता. पण चुकलेल्या लेबलाचं काय करायचं हे मला कुणी शिकवलं? लेबल फाडायचं नाही. त्यावर लाल रेघ मारायची, शेजारी बरोबर लेबल लावायचं आणि ज्याची चूक त्यानं खाली सही करायची. मानपत्राची फ्रेम का झाली नाही म्हणून सकाळपासून सगळे फ्रेमवाल्याच्या नावानं ओरडत आहेत. त्या बिचाऱ्याला मीच थांबवलं होतं.

अध्यक्ष महोदय, आपली परवानगी गृहीत धरते. ही त्या ओळीवर लाल रेघ. हे शेजारी बरोबर वाक्य. ही माझी सही. आणि माइक जरा इकडे द्या, कारण आज मी दारात उभी राहून वाचणार नाही. साहेबांच्या शेजारी येते आणि कागदावर हात ठेवून वाचते:

'छत्तीस वर्षांत आपल्या हातून एकही माल चुकीचा गेला नाही.'

साहेब, डोळे पुसा, अजून फोटो काढायचे आहेत. संचालक महोदयांचे, मॅडमचे, वहिनींचे आणि तुम्हा सगळ्यांचे मी आभार मानते. वेळ थोडा जास्त घेतला, बोलताना कुठे तोल गेला असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर ते सगळं पोटात घाला. तेवढी एकोणीस वर्षांपूर्वीची चूक मात्र पोटात घालू नका. ती सेवापुस्तकात माझ्या नावावर लिहा.